क्रू ते टार्पोर्ली : एका बेंटली अझूरच्या भेटीला

मँचेस्टरहून दक्षिणेकडे निघालेले बहुतेक प्रवासी क्रूला केवळ गाडी बदलण्यापुरते उतरतात. हे स्थानक १८३७ साली सुरू झाले, आणि गावही रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढले. आम्ही मात्र स्थानकाबाहेर पडलो, कारण मँचेस्टरला स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाला नँटविचजवळच्या एका विक्रेत्याकडे १९९७ सालची बेंटली अझूर पाहायची होती, आणि जुन्या गाड्यांचा माझा नाद ठाऊक असल्याने त्याने मला आग्रहाने बरोबर नेले होते.

ही गाडी पाहायला क्रूच्या परिसरात यावे, यात औचित्य होते. गावाच्या पश्चिमेला असलेला बेंटलीचा कारखाना १९३८ साली विमानांच्या मर्लिन इंजिनांसाठी उभारला गेला, आणि युद्ध संपल्यावर १९४६ पासून तिथे मोटारी बनू लागल्या. मार्च १९९५ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात अझूर प्रथम लोकांसमोर आली. तिचे उघडता येणारे छत इटलीच्या पिनिनफारिना या कंपनीने घडवले होते, आणि बांधणीचा बराचसा भागही इटलीतच होत असे. इंजिन मात्र क्रूचेच होते: १९५९ पासून चालत आलेल्या घराण्यातले, ६.७५ लिटरचे, टर्बो बसवलेले व्ही-८.

विक्रेत्याच्या शेडमध्ये गर्द हिरव्या रंगाची ती लांबलचक गाडी छत उघडून उभी होती. अक्रोडाच्या गाठींच्या व्हीनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, नक्षी डॅशबोर्डच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जुळत गेलेली होती, आणि चालकाच्या आसनाच्या कडेला चामडे जेमतेम मऊ पडले होते. मीटरवर अकरा हजार मैलांहून थोडेच अधिक दिसत होते. "अरे, ही तर नवीच आहे," दादा म्हणाला.

मला ते पटले नाही. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची, तपासणी करून घ्यावी लागते, आणि २००५ नंतरच्या तपासण्यांतले मैल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. ते आकडे आम्ही पाहिले, त्याआधीच्या सर्व्हिसच्या पुस्तिकेतले शिक्के पाहिले, आणि मैल खरे असल्याची खात्री पटली. पण मधली चार वर्षे तपासणीच झालेली नव्हती, म्हणजे त्या काळात गाडी रस्त्यावर आलेली नसावी. टायरच्या कडेला २६११ असा आकडा होता, म्हणजे तो २०११ सालच्या २६ व्या आठवड्यात बनलेला. त्याची नक्षी शाबूत होती, पण कडेच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या होत्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. या गाडीतले ब्रेक आणि मागच्या सस्पेन्शनची उंची राखणारी यंत्रणा उच्च दाबाच्या खनिज तेलावर चालते, आणि तो दाब नायट्रोजन भरलेल्या गोलाकार टाक्यांत साठवला जातो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की सील सुकतात आणि टाक्यांतला वायू कमी होत जातो. म्हणून मी विक्रेत्याच्या परवानगीने इंजिन बंद केले, इग्निशन चालू ठेवले आणि ब्रेकचे पेडल एकामागून एक दाबत गेलो. टाक्या चांगल्या असतील तर कितीतरी वेळा दाबल्यावर इशाऱ्याचा दिवा लागतो. इथे तो फारच लवकर लागला. विक्रेत्याने लपवाछपवी न करता टाक्या बदलाव्या लागतील असे कबूल केले, याबद्दल त्याचे कौतुक वाटते.

नंतर त्याने आम्हाला जपून, बेताच्या वेगाने फिरवून आणले. नँटविचमधून बाहेर पडताना अभियंता थॉमस टेलफर्डच्या लोखंडी जलसेतूखालून गेलो, त्यावरून कालवा रस्ता ओलांडतो, आणि मग ए-५१ रस्त्याने टार्पोर्ली गावाकडे निघालो. डावीकडे सपाट कुरणांतून अचानक वर आलेल्या टेकडीवर बीस्टनचा पडका किल्ला दिसू लागला. उघड्या गाडीत कापलेल्या गवताचा वास थेट येत होता. इंजिनाचा आवाज असा नव्हताच. जोराचा चढ आला तरी गिअर न बदलता ही अडीच टनांहून जड गाडी शांतपणे वर सरकत राहिली, कारण हे इंजिन फार कमी फेऱ्यांवरच आपली बहुतेक ताकद देते. अशा रस्त्यांवर चालण्यासाठीच घडवलेले यंत्र मैल वाचवण्याच्या हौसेपायी शेडमध्ये कोंडले गेले, याची मला मनापासून हळहळ वाटली.

परतल्यावर दादाने तिथेच विसार द्यायची तयारी दाखवली, पण मी त्याला थांबवले. टाक्या, तेलाच्या नळ्या आणि चारही टायर नवे बसवून त्यांची बिले दाखवल्यावर, आणि आमच्या माहितीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्यावरच पैशांचे बोलायचे, असे ठरले. शिवाय गाडी घेतलीच तर उन्हाळ्यात ती दर आठवड्याला चालवायची, ही माझी अट दादाने विक्रेत्यासमोरच मान्य केली.