तुम्ही विचारलंत म्हणून: पिरोगोव्हचं त्यात काय?

भुलीचं इथर अमेरिकन दंतवैद्य मॉर्टनचं, मोडल्या हाडांचं प्लास्टर डच लष्करी डॉक्टर मॅथायसेनचं, मग रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्हचं काय, त्यानं तर दोन्ही नुसतं वापरलं? दर वेळी हेच. मॉर्टनचा मान मॉर्टनलाच. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये शस्त्रक्रियेसाठी त्यानं इथरनं भूल दिली, त्यावर वाद नाही. पण रुग्णालयात एका माणसाची गाठ काढणं वेगळं आणि गोळ्या लागलेल्या सैनिकांच्या रांगेला भूल देणं वेगळं.

1847 च्या उन्हाळ्यात पिरोगोव्ह कॉकेशसमधल्या दागेस्तानात, रशियन सैन्यानं सल्ता गावाला घातलेल्या वेढ्यावर होता. दवाखाना म्हणजे फांद्यांच्या झोपड्या. दगड रचून वर गवत पसरलेले ओटे इतके बुटके, की शस्त्रक्रिया गुडघ्यांवर बसून करायची. त्यात इथर 35 अंशांच्या आसपास उकळतं. बूच सैल राहिलं की साठा उडालाच. त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड, ती खाली साचते आणि मेणबत्ती जवळ आली की पेट घेते. वाफ कमी पडली तर जखमी अर्धवट शुद्धीत हातपाय झाडतो, जास्त झाली तर श्वास मंदावतो. म्हणून त्याच्या मुखवट्यात वाफेत हवा कमीजास्त मिसळायची सोय होती. इतर जखमींना त्यानं मुद्दाम समोर बसवलं, भूल दिलेला माणूस ओरडत नाही हे त्यांना दिसावं म्हणून. अशा जागी जवळपास 100 जणांना भूल दिली गेली. हे 'नुसतं वापरलं' म्हणण्याइतकं सोपं होतं का?

गुदमार्गानं इथर देण्याची त्याची पद्धत मात्र टिकली नाही, आणि टिकायला नकोच होती. नळी थंड पडली की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि आतलं अस्तर भाजतं. शिवाय एकदा आत गेलेली मात्रा परत काढता येत नाही. मुखवटा निदान उचलता तरी येतो.

प्लास्टरचंही तसंच. मॅथायसेन कोरडी भुकटी पट्टीत चोळून मग ती भिजवायचा. पिरोगोव्हनं जाडंभरडं कापड पातळ प्लास्टरमध्ये बुडवून गुंडाळलं. एका शिल्पकाराच्या कामात त्यानं ते पाहिलं होतं. क्रिमियाच्या युद्धात उघड्या जखमेवर प्लास्टरला खिडकी कापायची, नाहीतर पू आत कोंडतो, आणि सुजलेल्या पायाला कडक कवच आवळून रक्त अडवतं. मग वाचवायला घेतलेला पाय कापावाच लागतो.