चहाआधीचा तास

जानेवारी 2022 मधला माझा रक्ततपासणीचा अहवाल मी अजून फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए1सी त्यात 8.4 होते, थायरॉइड मंदावले की वाढणारे टीएसएच 9.8 होते, आणि त्याच आठवड्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्यातली हाडांमधली फट आतल्या बाजूने कमी झालेली दिसत होती. दवाखान्यातल्या काट्यावर वजन 81.4 किलो भरले. माझी उंची 154 सेंटीमीटर आहे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय 34 च्या वर. आपल्याकडे बीएमआय 23 झाला की जादा वजन आणि 25 झाला की लठ्ठपणा धरतात, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आपण लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर नसून केव्हाच माजघरात जाऊन बसलो आहोत, हे माझ्या लक्षात आले. वय 47, नोकरी बँकेत काउंटरवर, म्हणजे दिवसाचे सात तास खुर्चीत, आणि संध्याकाळी घरी आल्यावर हाताशी सांगलीचे भडंग.

तोपर्यंत वजनाचे सगळे खापर मी थायरॉइडवर फोडत आले होते. थायरॉइड मंदावल्याने साधारणपणे दोन-चार किलोच वाढतात आणि त्यातही बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो, बाकीचे ताटातून आलेले असते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला त्यांचा रागच आला. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या दोन गोळ्या, थायरॉक्सिनची जुनी गोळी, गुडघ्यासाठी फिजिओथेरपी आणि ‘वजन कमी करा’ हा सल्ला घेऊन मी घरी आले. गोळ्या कशा घ्यायच्या ते चिठ्ठीवर लिहिलेले होते. वजन कसे कमी करायचे ते लिहिलेले नव्हते.

आमच्या गटाची गोष्ट इथे सांगायला हवी. 2021 च्या लॉकडाउनमध्ये मी झूमवर चालणाऱ्या एका योगवर्गाला नाव घातले होते. तो वर्ग चार महिन्यांत बंद पडला, पण त्यातल्या आम्ही पाच जणी व्हॉट्सॲपवर बोलत राहिलो. कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते, त्यामुळे एकमेकींना गावावरून ओळखायची सवय लागली आणि ती आजही टिकून आहे. डोंबिवलीकर ताई 61 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. बेळगावकर वहिनींना रक्तदाब. अकोलेकर 34 वर्षांची, बाळंतपणानंतर वाढलेले वजन सोडले तर ठणठणीत. आणि मस्कतकर, जिच्या प्रकृतीविषयी बरेच दिवस आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. माझा अहवाल मी गटात टाकला तेव्हा तिघींनी हात जोडलेली चित्रे पाठवली. डोंबिवलीकर ताईंनी मात्र एकच प्रश्न विचारला : ‘अगं, थायरॉइडची गोळी घेतेस ती कशाबरोबर?’

मी सकाळी उठल्यावर ती गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात घेत असे आणि दहा मिनिटांत चहा पीत असे. ताईंना स्वतःला वीस वर्षांपासून थायरॉइड आहे. त्यांनी मला डॉक्टरांना विचारायला लावले, आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कॅल्शियममुळे थायरॉक्सिन आतड्यातून नीट शोषले जात नाही, दोन गोळ्यांमध्ये निदान चार तासांचे अंतर हवे, आणि थायरॉक्सिननंतर चहा किंवा नाश्त्यासाठी अर्धा ते एक तास थांबायला हवे. मात्रा न वाढवता त्यांनी कॅल्शियम रात्री ढकलले. आठ आठवड्यांनी टीएसएच 3.4 आले. सात वर्षे मी गोळी नेमाने घेत होते आणि तितक्याच नेमाने निम्मी वाया घालवत होते.

चहाशिवायचा तो तास कसा काढायचा, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. माझ्यासारख्या बाईला सकाळी उठून चहा नाही ही शिक्षाच आहे. म्हणून पावणेसहाला गोळी घ्यायची आणि चहाची आठवण येऊ नये म्हणून घराबाहेर पडायचे, असे ठरले. आमराई ही बाग आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिथे पोचले की झाडाखाली उभे राहून पायातल्या बुटांचा फोटो काढायचा आणि गटात टाकायचा. हळूहळू 6:40 ही वेळ ठरून गेली. डोंबिवलीहून ताईंचे बूट यायचे, बेळगावहून वहिनींच्या चपला, अकोल्याहून बहुतेक वेळा गच्चीच्या फरशीवरचे अनवाणी पाय. मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे तिचा फोटो आठ वाजून दहा मिनिटांनी येई, तोवर मी डबा भरत असे. पहिल्या आठवड्यात मी बारा मिनिटे चालू शकले. गुडघा बोलू लागला की बाकावर बसायचे, पुन्हा उठायचे. फिजिओथेरपिस्टने मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम दिला होता, तो मी रात्री दूरदर्शनसमोर करत असे : खुर्चीत बसून, अर्धा किलो रव्याची पिशवी ओढणीने घोट्याला बांधून, पाय सरळ करायचा आणि दहा आकडे धरून ठेवायचा. सासूबाईंनी एकदा उपम्यासाठी तीच पिशवी फोडली आणि माझा त्या दिवसाचा व्यायाम बुडाला. वजन एक किलो उतरले की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे गणित त्याच फिजिओथेरपिस्टने सांगितले, आणि मला ते साखरेच्या आकड्यांपेक्षा जास्त पटले. कारण ते जिना उतरताना जाणवत होते.

एप्रिलमध्ये आम्ही एक चूक केली. अकोलेकरच्या डोक्यातून स्पर्धा निघाली : दर शुक्रवारी वजन गटात लिहायचे आणि महिन्याअखेर जिचे जास्त उतरेल तिला बाकीच्या चौघींनी शंभर-शंभर रुपये द्यायचे. माझे त्या महिन्यात दोन किलो उतरले आणि त्याबरोबर थोडी अक्कलही उतरली असावी. कारण मस्कतकरने ‘या महिन्यात 200 ग्रॅम’ असे लिहिल्यावर बाकीच्या तिघींनी शाबासकीच्या अंगठ्याची चित्रे टाकली आणि मी खाली लिहिले, ‘एवढंच?’ मला ते थट्टेत म्हणायचे होते, पण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. त्यानंतर नऊ दिवस मस्कतहून बुटांचा फोटो आला नाही. दहाव्या दिवशी डोंबिवलीकर ताईंनी मला फोन करून सांगितले की तिला रूमॅटॉइड प्रकारचा संधिवात आहे आणि तिला बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी भूक वाढते, अंगात पाणी साठते, साखरही वर जाते. अशा औषधावर वजन वाढू न देणे हीच मोठी गोष्ट, आणि तिने 200 ग्रॅम उतरवले होते. मी फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, ‘तुझ्या ‘एवढंच’चा राग गेला गं माझा, पण त्या अंगठ्यांचा नाही गेला. तू निदान वाचून तरी बोललीस.’ तिचे हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. स्पर्धा बंद झाली. जमलेले पैसे अकोलेकरने प्रामाणिकपणे परत केले.

एवढ्यावर शहाणपण यायला हवे होते. पण 10 जुलै 2022 ला आषाढी एकादशी रविवारी आली. आमच्या घरातली एकादशी म्हणजे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ यातलीच. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, रात्री बटाट्याचा कीस. मी नुकतीच ग्लुकोमीटरने मोजायला लागले होते, आणि मागच्या एकादशीला खिचडीनंतर दोन तासांनी माझी साखर 262 भरली होती. म्हणून बेळगावकर वहिनींनी सुचवले की या वेळी आपण सगळ्या जणी खराखुरा निराहार उपास करू या, पुण्य मिळेल आणि वजनही उतरेल. सकाळपासून गटात उत्साहाला भरती आली होती. ‘जमतंय, जमतंय’, ‘अजून थोडंच राहिलं’, असे एकीमागून एक संदेश येत होते. मी मात्र सवयीने सकाळची ग्लिमेपिराइड घेतली होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि आपण जेवलो की नाही याची ती चौकशी करत नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमारास देवघराशी बसलेले असताना मला घाम फुटला. पंखा चालू होता, बाहेर पाऊस होता, आणि पदर ओला झाला होता. छातीत धडधडत होते. हातातली निरांजन ताम्हनाला लागून किणकिणत राहिली, तेव्हा हात थरथरतो आहे हे कळले. मी गटात कशीबशी दोन शब्द लिहिले, ‘हात थरथरताहेत’. त्यावर दोन संदेश आले : ‘उपासाने होतं तसं’ आणि ‘पाणी पी, जमेल’. तिसऱ्या क्षणाला फोन वाजला, डोंबिवलीकर ताई. ‘साखर मोजलीस का? आधी मोज, मी फोन ठेवत नाही.’ पट्टीवर थेंब लावायला मला दोनदा बोट टोचावे लागले. आकडा आला 58. सत्तरच्या खाली गेले की धोका, हे मला माहीत होते, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत. ताईंनी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायला लावली. मी म्हटले, ‘ताई, उपास मोडेल.’ त्या म्हणाल्या, ‘विठोबाला मी समजावते, तू साखर पी.’ त्यानंतर पंधरा मिनिटे त्या फोनवर थांबल्या. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या त्या मला ऐकू येत होत्या. पुन्हा मोजले, 76. मग मी वरण-भात जेवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले, आणि ते योग्यच होते. खाणे कमी करताना गोळ्यांची मात्राही बदलावी लागते आणि ती बदलणे हे माझे किंवा मैत्रिणींचे काम नाही, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावे तसे दोनदा सांगितले. ग्लिमेपिराइड निम्मी झाली. गटातही त्या संध्याकाळी बरेच बोलणे झाले. वहिनींना फार वाईट वाटत होते. खरे तर दोष त्यांचा नव्हता. गोळी मी घेतली होती. पण एक गोष्ट तेव्हा आम्हा सगळ्यांना उमगली, की पाच शरीरे पाच तऱ्हेची असताना एकीला मानवलेले दुसरीला ‘तूही कर’ म्हणून सांगणे हे प्रोत्साहन नव्हे. दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे असे दोन्ही पंथ आमच्या गटात होते, तो वाद त्या दिवशी मिटला. ज्या बाईला औषध चालू आहे तिने आधी डॉक्टरांना विचारायचे. पावडरी, काढे आणि फॉरवर्ड केलेले नुस्खे गटात टाकायचे नाहीत. वजन ज्याचे त्याने वहीत लिहायचे, गटात फक्त केलेले सांगायचे : चालले का, मोजले का, गोळी वेळेवर घेतली का. आणि कोणी काही लिहिले तर अंगठा दाखवायचा नाही, एक प्रश्न विचारायचा.

स्वयंपाकघरातली मोठी चोरीही अशाच एका प्रश्नाने सापडली. मी चपात्या सोडून ज्वारीच्या भाकऱ्यांवर आले होते आणि तरी वजन हलत नाही म्हणून कुरकुरत होते. मस्कतकरने विचारले, ‘महिन्याला तेल किती आणतेस?’ चौघांच्या घरात चार किलो. म्हणजे माणशी रोज 33 ग्रॅम, आणि ग्रॅमला नऊ या हिशेबाने जवळजवळ 300 उष्मांक, तेही बाहेरचे वडे-भजी न धरता. दुसऱ्या महिन्यापासून मी अडीच किलोच तेल आणले आणि बुधलीऐवजी चमच्याने घालू लागले. ‘एवढ्या तेलात वांगी शिजायची कशी?’ असे सासूबाई पंधरा दिवस म्हणत होत्या; नंतर त्यांचीच छातीतली जळजळ थांबली, तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला. भाकरीनेही चमत्कार होत नाही हे ग्लुकोमीटरने शिकवले. तीन भाकऱ्यांनंतर आकडा 210 च्या घरात जायचा. दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मेथी आणि काकडी अशा ताटानंतर 160 च्या आसपास राहायचा. भडंग मी सोडले नाही. एक वाटी मोजून घेते आणि डबा मुलाच्या खोलीत ठेवते.

2023 साली आईच्या आजारपणात माझी झोप गेली आणि वजन 73.6 वर अकरा आठवडे खिळून राहिले. त्या काळात मी आमराईत क्वचितच गेले. फोटो टाकला नाही तर कोणी जाब विचारला नाही. पण बेळगावकर वहिनी रोज रात्री साडेनऊला एवढेच लिहीत, ‘जेवलीस का, गोळी झाली का?’ त्या दोन प्रश्नांना ‘हो’ म्हणता यावे म्हणून मी जेवत असे आणि गोळी घेत असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केली.

नोव्हेंबर 2024 मध्ये माझे वजन 69.2 भरले. चौतीस महिन्यांत बारा किलो, म्हणजे महिन्याला जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. शब्दशः ‘एवढंच’. एचबीए1सी 6.6 आहे, कंबर 104 सेंटीमीटरवरून 92 वर आली आहे. बायकांसाठी 80 ची मर्यादा सांगतात, ती अजून बरीच लांब आहे. बीएमआय 29 आहे, म्हणजे हिशेबाने मी अजून लठ्ठच. मेटफॉर्मिन चालू आहे आणि त्यामुळे वर्षातून एकदा बी12 जीवनसत्त्व तपासावे लागते. गुडघ्यातली फट काही पूर्ववत झालेली नाही, पण आमराईत मी आता चाळीस मिनिटे न बसता चालते आणि बँकेचा जिना कठडा न धरता उतरते.

पुढची तपासणी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आहे. तिळगुळाचे काय करायचे यावर गटात दोन दिवस चर्चा सुरू आहे. अकोलेकरने काट्यावर तोलून एक लाडू अठरा ग्रॅमचा भरतो असे कळवले आहे, आणि डोंबिवलीकर ताईंनी त्याखाली विचारले आहे, ‘पण तू वळतेस एवढा, की आम्ही वळतो तेवढा?’