सजवलेला वर्ग आधी रिकामा केला

बदली होऊन मी या शाळेत आले तेव्हा पहिली-दुसरीची खोली आधीच सजवलेली होती, आणि खरी अडचण तीच होती. छताला क्रेप कागदाच्या पताका, खिडकीवर थर्माकोलचं फुलपाखरू, फळ्याच्या वर सुविचाराची चकचकीत पाटी, तिच्या दोन्ही बाजूंना शरीराचे अवयव, वाहतुकीची साधने, राष्ट्रीय प्रतीके, फळे, भाज्या, इंग्रजी महिने. मोकळी भिंत शोधून सापडत नव्हती. त्यातलं निम्मं मागच्या कुठल्याशा अभियानातलं, उरलेलं त्याच्याही आधीचं. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याच्या पश्चिमेकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, तिथे कार्डशीटचं काय होतं. कडा वळलेल्या, मागून काळी बुरशी, आणि चिकटपट्टी ओढली की भिंतीचा पोपडा तिच्यासोबत हातात.

आमची शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. पट तिसाच्या आत. म्हणजे समग्र शिक्षामधून येणारं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे आणि उरलेल्यात वीजबिल, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. बाजारातून तयार साहित्य आणून वर्ग भरून टाकावा असा प्रश्नच नव्हता.

मेच्या शेवटी सरांकडून किल्ली घेतली आणि सगळं उतरवायला लागले. सर दारात उभे राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, भेटीला कुणी आलं तर काय दाखवायचं?" त्यांचं चूक नव्हतं. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानापासून रंगरंगोटीला जोर आलाय, फोटो अपलोड करावे लागतात, आणि ओकीबोकी भिंत फोटोत गरीब दिसते. मी म्हटलं, "सर, दिवाळीपर्यंत द्या मला. नाही जमलं तर फुलपाखरू मी स्वतः परत चिकटवते." फुलपाखराचं एक पंख तोवर मोडलं होतं, ते मी बोलले नाही.

खोली रिकामी झाल्यावर टेप घेऊन सतरंजीवर मांडी घालून बसले, पोरं बसतात तिथेच. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे बसल्यावर जमिनीपासून जेमतेम पावणेदोन-दोन फुटांवर येतात. उभं राहिलं तरी सव्वातीनच्या आसपास. आणि आमच्या तक्त्यांची ओळ सुरू होत होती पाच फुटांपासून पुढे! म्हणजे इतकी वर्षं ती सजावट शिक्षकांसाठी आणि येणाऱ्या साहेबांसाठी होती. मी भिंतीवर खडूने दोन रेघा मारल्या, एक फुटावर एक आणि साडेतीन फुटांवर दुसरी. मुलांच्या कामाचं जे काही असेल ते या दोन रेघांच्या मध्ये. वर फक्त सावित्रीबाई, जोतिराव, शिवाजी महाराज आणि बाबासाहेबांच्या तसबिरी राहतील. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. ती तसबीर दाराजवळ घेतली.

भिंती मोकळ्या ठेवण्यामागे माझा हट्ट होता तसा आधारही होता. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांचा 2014 सालचा एक अभ्यास आहे. बालवाडीच्या वयाची 24 मुलं, विज्ञानाचे छोटे पाठ, निम्मे खच्चून सजवलेल्या खोलीत आणि निम्मे साध्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष 38.6 टक्के वेळ पाठाबाहेर होतं, साध्या खोलीत 28.4 टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे 42 आणि 55 टक्के. 24 मुलांवरून जगाचा निकाल लावू नये हे मलाही कळतं. शिवाय ती मुलं ज्या घरातून येतात तिथे पुस्तकं असतात, रस्त्यावर पाट्या असतात. आमच्या वाडीत दुकानाची पाटी एकच, आणि तीही तंबाखूची. इथे वर्गात अक्षरं दिसायलाच हवीत. म्हणून कोरी भिंत मला नको होती. जे आज चाललंय तेवढंच भिंतीवर, आणि ते मुलाच्या हाताला लागेल असं, इतकीच माझी अट होती.

हाताला लागण्याची युक्ती आमच्या जिल्ह्याला नवी नाही. ज्ञानरचनावादी वर्ग, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात तो वर्ग, कसा असतो ते पाहायला दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) येत होत्या. जमिनीवर आखलेली अक्षरं-अंक, भिंतीच्या खालच्या भागात मुलांसाठी फळा. पुढे 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि हा नमुना गावोगाव गेला. बऱ्याच ठिकाणी फक्त रंग गेला, रीत मागेच राहिली, पण ते असो. खालचा फळा मला हवाच होता. दोन रेघांच्या मधला पट्टा तीन भिंतींवर फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवायचा ठरला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: दुकानदार काळा ऑइल पेंट पुढे करतो, तो चकाकतो आणि त्यावर खडू घसरतो. फळ्याचा म्हणून वेगळा बिनचकाकीचा रंग मिळतो, तोच मागायचा. चौथी, पश्चिमेची भिंत सोडली. तिला ओल येते, रंग फुगतो. तिथे दोन खिळे ठोकून नुसती सुतळी ताणली.

काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या उभ्या रेघा मारून प्रत्येकाला आपापला चौकोन दिला. पुसायला जुन्या साडीचा तुकडा. खडू भसाभस संपतो आणि सतरंजी रोज झटकावी लागते, हे दोन तोटे आहेत. पण माझ्यासाठी याची किंमत वेगळीच. मी खोलीच्या मध्यभागी उभी राहून एका नजरेत बघू शकते की 'इ'ला वेलांटी कोण देतंय आणि 6 उलटा कोण काढतंय. वह्या गोळा करायच्या आणि तपासून परत द्यायच्या, तोवर पोराचं लक्ष उडालेलं असतं.

अक्षरांसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्या ओळखीचा पेंटर पाठवला; मजुरी लोकसहभागातून. माणूस हाताचा तयार. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आईचा आशीर्वाद' लिहावं तर त्यानेच. त्याने पहिलं अक्षर काढलं ते सावलीसकट, तीन रंगांत, शेपटी उडवून. मी बालभारतीचं पुस्तक उघडून समोर धरलं. तो म्हणाला, "मॅडम, असं साधंच काढायचं तर मला कशाला बोलावलं?" बिचारा दुखावला. पण पहिलीच्या मुलासाठी भिंतीवरचं अक्षर आणि पुस्तकातलं अक्षर एकाच वळणाचं हवं. 'ल' आणि 'श' यांत तर हमखास घोळ होतो. 2009 च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणं ठरवून दिली आहेत, आणि पेंटर लोकांचा हात सवयीने हिंदी पाट्यांसारखा दुसऱ्याच वळणावर जातो. शेवटी अक्षरांची वळणं मी खडूने काढून दिली, त्याने ब्रशने भरली. त्याचा मान राखायला म्हणून व्हरांड्यात शाळेचं नाव मात्र त्याला हवं तसं काढू दिलं. सावली, चांदण्या, सगळं. झकास दिसतं.

दाराखाली फरशीवर त्याच्याकडून एक कोनमापक काढून घेतला. दार उघडेल तसं 30, 45, 90 असे अंश दिसतात. इमारतीलाच शिकण्याचं साधन बनवायचा 'बाला' नावाचा जो उपक्रम आहे, त्यातली ही कल्पना. पहिली-दुसरीला कोन कशाला, असं कुणी विचारेल. चौथीची मुलं मधल्या सुट्टीत येऊन दार उघड-झाक करतात, बिजागरी कुरकुरते, मला त्रास होतो. पण राहू दिलंय.

बसण्याची व्यवस्था दोन वर्ग एका खोलीत म्हटल्यावर सगळ्यात किचकट. आधी दोन्ही वर्ग मोठ्या फळ्याकडे तोंड करून शेजारी-शेजारी बसत. मी पहिलीला काही विचारलं की दुसरीचे विद्वान ओरडून उत्तर देत. आता पहिली मोठ्या फळ्याकडे, दुसरी बाजूच्या भिंतीकडे. मध्ये पुस्तकांचं बुटकं कपाट आडवं टाकलं. त्याची वरची दारंच काढून टाकली, कारण दार आलं की कुलूप येतं आणि कुलूप आलं की पुस्तक वर्षअखेरीला जसंच्या तसं नवं निघतं. गोष्टींची पातळ पुस्तकं मात्र पश्चिमेच्या सुतळीवर, मधोमध उघडून लोंबती टाकलेली. मुखपृष्ठ दिसलं की हात जातो.

नावांच्या कार्डांनी मला स्वतःला चकित केलं. गावात लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग असतो. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून प्रत्येकाचं नाव लिहिलं. जुन्या चादरीला खिसे शिवले, डावीकडे 'घर', उजवीकडे 'शाळा'. आल्या आल्या आपलं कार्ड घरातून शाळेत टाकायचं, ही हजेरी. पहिलीत 'स'वरून नाव असलेल्या मुली नेमक्या जास्त. पहिले काही दिवस रोज भांडण, हे माझं, ते तुझं. मग त्यातली एक मला म्हणाली, "बाई, हिच्या नावात काठी हाय, माझ्या न्हाई." ती काठी म्हणजे काना. कान्याचा पाठ मी अजून घेतलाही नव्हता.

वर्णमालेचा छापील तक्ता मात्र परत लावलाच नाही. अ अननसाचा, य यज्ञाचा, ष षटकोनाचा. आमच्या पोरांनी अननस पाहिलेला नाही आणि षटकोनाशी त्यांचं अजून काही देणंघेणं नाही. जे अक्षर त्या आठवड्यात चाललंय त्याचं चित्र मुलांनीच काढायचं आणि सुतळीला चिमट्याने लावायचं, असं ठरवलं. 'ग' आल्यावर मला वाटलं गणपती किंवा गवत येईल. आला गवा. कोयना अभयारण्याच्या कडेची वाडी आमची, शेतात गवे उतरतात, रात्री राखण करावी लागते. एकाने काढलेल्या गव्याला पांढरे मोजे होते. मी म्हटलं, "अरे, याच्या पायात मोजे कशाला?" तर सगळा वर्ग माझ्यावर हसला. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरेच असतात, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक नव्हतं. 'फ' फणसाचा, 'क' कोयत्याचा, 'भ' भाताचा, आणि भात म्हणजे ताटातला नव्हे, शेतातला.

गणिताचं साहित्य तर आजूबाजूलाच पडलेलं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले, दगडगोटे वापरून बालवाडी चालवली. आपण त्याच वाटेने जायचं. चिंचोके, खडे, बांबूच्या काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधायला रबरबँड. फक्त चिंचोके मंद भाजून ठेवा, नाहीतर भुंगा लागून सप्टेंबरात पीठ होतं. ठेवायला फरसाणाच्या पारदर्शक बरण्या. खोक्यात ठेवलं तर आत काय आहे ते दिसत नाही, मग ते काढलंही जात नाही. शिवाय पोषण आहाराचा तांदूळ शेजारच्या खोलीत, त्यामुळे उंदीर आहेत, आणि त्यांना पुठ्ठा आवडतो.

शहाबादी फरशीवर अंक रंगवायचा विचार सोडून दिला. ओल आणि पोरांचे पाय यांत ऑइल पेंट टिकत नाही, हे व्हरांड्यातल्या जुन्या सापशिडीच्या अवशेषांवरून दिसतच होतं. त्याऐवजी फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे कधीच कमी पडत नाहीत, आणि पाठ पांढरी असते. भावी सरपंचांना पालथं घालून त्यांच्या पाठीवर 0 ते 100 ची संख्यारेषा आखली. हव्या त्या दिवशी अंथरायची, उड्या मारायच्या, गुंडाळून कपाटामागे. सर ते बघून म्हणाले, "निवडणूक झाल्यावर दुसऱ्या पार्टीचे पण मिळतील."

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख आले. सुतळीवरचे गवे बघून हसले, शेरेबुकात 'वर्गसजावट समाधानकारक' असं लिहिलं आणि सुविचार कुठे आहे ते विचारलं. तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहिते, दुसरीची मुलं तो अडखळत वाचतात, बिघडत काही नाही.

आता सरांनी त्यांच्या खोलीचं काढलंय. त्यांना तिसरीसाठी जिल्ह्याचा नकाशा हवाय, फ्लेक्सच्या पाठीवरच, मुलं वर चालू शकतील एवढा मोठा. सीमारेषा प्रोजेक्टरवरून उतरवून झाली, अकरापैकी नऊ तालुके रंगवून झाले. काम अडलंय ते पाटणपाशी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या कुठल्या अंगाला आपली वाडी दाखवायची यावरून तिसरी आणि चौथी यांच्यात वाद आहे, आणि चौथीच्या एका मुलाने आजोबांना साक्षीला आणायचं ठरवलंय. जावळीचा हिरवा रंग तेवढा संपलाय, शनिवारी पाटणला गेले की आणते.