आमची वाटचाल : टेम्प्लेटला हात लागला तेव्हा

ड्रीमवीव्हर हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर मॅक्रोमीडिया कंपनीचं होतं आणि त्याची चौथी आवृत्ती चालू होती, तेव्हा दादर पश्चिमेला आठ मशीनवर आमच्या वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या क्लासची पहिली बॅच सुरू झाली. 2005च्या डिसेंबरात मॅक्रोमीडिया अॅडोबीकडे गेली, मेनू बदलले, पॅनेल इकडची तिकडे झाली. आमचा पहिला धडा मात्र तोच राहिला: पान उघडण्याआधी साइट डिफाइन करा, म्हणजे साइटचं फोल्डर कोणतं ते ड्रीमवीव्हरला सांगा. लोकल रूट फोल्डर, म्हणजे आपल्या मशीनवरचं साइटचं मुख्य फोल्डर, एकच ठेवा, चित्रं त्याच्याच आत ठेवा, फाइलचं नाव सगळं स्मॉल अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या. सेव्ह न केलेल्या पानात चित्र टाकलं की त्याचा पत्ता थेट सी ड्राइव्हचा लिहिला जातो. आपल्या मशीनवर चित्र दिसतं, सर्व्हरवर चढवलं की रिकामी चौकट. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली. नव्या मुलाची पहिली साइट हमखास इथेच अडते.

पुढे दोन गल्ल्या सोडून दुसरा क्लास उघडला. पाटी होती ‘कोड न शिकता वेबसाइट’, फी आमच्या निम्म्याहून कमी. आमच्या दोन बॅच ओस पडल्या. धंद्यात ते चालायचंच. पण ज्याची साइट आम्ही बनवली होती ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही देखभालीसाठी तिकडे गेलं, आणि त्यातून जे झालं ते अजून सलतं.

त्या साइटची 90 पानं आम्ही एका टेम्प्लेटवर, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्यावर, उभी केली होती. टेम्प्लेटमध्ये एडिटेबल रीजन, म्हणजे पानापानावर बदलता येणारा भाग, सोडून बाकी सगळं कुलूपबंद असतं. ड्रीमवीव्हरच्या आत कुलूपबंद कोड बदलायला गेलात तर इशारा येतो आणि बदल टाकून दिला जातो. नोटपॅडला कुलूप कळत नाही. तिकडच्या मुलांनी मेनू, फोन नंबर, सूचना असं सगळं नोटपॅडमधून पानोपान घुसवलं, तेही एडिटेबल रीजनच्या बाहेर. टेम्प्लेटची फाइल जुनीच राहिली.

आठ महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं. काम होतं तळपट्टीत पत्त्याची एक ओळ बदलण्याचं. आम्ही सर्व्हरवरून साइट उतरवली, टेम्प्लेट उघडलं, ओळ बदलली, अपडेट दाबलं आणि सगळी पानं चढवली. अपडेट करताना ड्रीमवीव्हर कुलूपबंद भाग टेम्प्लेटमधून नव्याने लिहितो. आठ महिन्यांचे बदल 90 पानांवरून एका झटक्यात पुसले गेले, जुने फोन नंबर परत आले. ठपका आमच्यावर आला, बिल अडलं, भाडं भरायला तीन मशीन विकावी लागली. होस्टिंगचा बॅकअप मिळाला म्हणून साइट वाचली. एकेक पान जुन्या प्रतीशी ताडून मेनू टेम्प्लेटमध्ये नेला, सूचनांसाठी वेगळं एडिटेबल रीजन केलं. सहा दिवस लागले, त्याचा एक रुपया मिळाला नाही. ज्यांनी नोटपॅड वापरलं त्यांना कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्याच्या हातून आलेल्या साइटवर काम करणाऱ्यांनी एवढं कराच. अपडेटआधी पूर्ण फोल्डरची तारीख घालून प्रत ठेवा. चार-पाच पानांचा कोड टेम्प्लेटच्या कोडशी ताडून बघा. मग एकाच पानावर अपडेट करा, ब्राउझरमध्ये तपासा आणि तेवढंच चढवा. अपडेट आपल्या मशीनवरच्या फाइलींवर होतो, सर्व्हर तोवर जसाच्या तसा असतो. चढवण्याची घाई नडते.

त्या वर्षी आम्हाला तगवलं ते लोहार चाळीतल्या वायर आणि स्विचगिअरच्या शेठनी. दर महिन्याला भावपत्रकाचं काम आमच्याकडेच, पैसे हातोहात. त्यांची मागणी एकच होती, ‘माझं नाव मराठीत नीट दिसू दे.’ तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांचे, नव्हते, समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. युनिकोडवर आल्यावर फाइल यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करून ब्राउझरला तसं सांगणारा मेटा टॅग कोडच्या हेड भागात अगदी वर घालायचा, हे आमच्या बॅच त्यांच्याच पानावर शिकल्या. तो टॅग फाइलच्या पहिल्या 1024 बाइटच्या आत यावा लागतो.

टेबलच्या चौकटींत पान मांडणं सोडून सीएसएसवर, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडवर, आल्यावर मुलं अडायची ती बेरजेत. 960 पिक्सेलच्या पानात 640 आणि 320चे दोन कॉलम बरोबर बसतात. दोन्हींना चारी बाजूंनी 20चं पॅडिंग (कडेपासून आत सोडलेली जागा) दिलं की रुंदी होते 680 आणि 360, म्हणजे 1040. दुसरा कॉलम खाली घसरतो. डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे नुसतं पान दिसतं तिथे, ओढाताण करून हे सुटत नाही, म्हणून आमच्याकडे कोड आणि पान एकत्र दाखवणारा स्प्लिट व्ह्यू बंद करायला परवानगी नाही. आता बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लिहिलं की पॅडिंग रुंदीच्या आतच धरलं जातं, पण ती बेरीज आम्ही अजून फळ्यावर करून घेतो.

शेठचा कारभार आता मुलगा बघतो. गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून मोबाइलवर भाव बघतं, म्हणून नव्या बॅचला काम दिलंय ते त्याच भावपत्रकाचं: पानाची रुंदी फोनच्या स्क्रीनइतकी धरायला सांगणारा व्ह्यूपोर्ट टॅग घालायचा, नाहीतर आयफोन पान 980 पिक्सेल रुंद समजून बारीक करून दाखवतो, आणि सात रकान्यांचं टेबल मोबाइलच्या 360 पिक्सेल रुंदीत आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. मुलांनी चार रकाने बसवलेत. उरलेले तीन प्रत्येक ओळीखाली घ्यायचं चाललंय.