कानातला बुरा

आषाढ लागला की आमच्याकडे सगळंच बुरसतं. चामडी पट्टा, माळ्यावरच्या चपला, एकदा तर सातबाऱ्याची फाईल. यंदा माझा उजवा कान बुरसला.

सुरुवात खाजेने झाली. भाकरी थापतानाही करंगळी कानात. मग केसातला आकडा. (हो, माहितीय.) मग दडे बसले. सासूबाईंनी खोबरेल कोमट करून, लसणीची पाकळी तडतडवून दोन थेंब सोडले. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या रात्री असा ठणका लागला की उशीला कान टेकवेना.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतलं चित्र पडद्यावर दाखवलं: भिजलेल्या वर्तमानपत्राचा लगदा, वर काळे ठिपके. ॲस्परजिलस नायजर. "चपलेवर येतो तोच ना हा बुरा?" म्हटलं, तर हसले. "त्याच्याच भावकीतला."

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. काळोखी, उबदार, आणि पावसाळ्यात दमट. त्यात आकड्याने कातडी खरवडली, वर तेलाने ओल आत कोंडली. मला वाईट वाटलं ते मळाचं. जन्मभर घाण समजून कोरत आले आणि तो निघाला राखणदार: चिकट, किंचित आम्लधर्मी, बुरशीला सहसा रुजू न देणारा. शिवाय आपला आपण बाहेर सरकतो. आम्ही वाडीच्या राखणदाराला नारळ देतो, कानातल्याला मात्र हाकलतो!

दडे काही दरवेळी बुरशीचेच नसतात. सर्दी असताना आंबा घाट चढलो की लेकीचे कान बंद होतात. नाकामागून कानात जाणारी नळी सुजलेली, कानाच्या पडद्याआड हवा पोचत नाही. आवंढा गिळला की बरेचदा सुटतात. थोरल्या दिरांचं निराळं. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर पंचवीस वर्षं इंजिनाशेजारी काढली, आतल्या कानातल्या नाजूक पेशी गेल्या त्या गेल्याच. त्यांचा टीव्ही अख्खी वाडी ऐकते.

माझा कान यंत्राने ओढून साफ केला. आवाज म्हणजे डोक्यात मिक्सर. पडदा शाबूत आहे ना, ते बघून मगच बुरशीचे थेंब दिले, आणि आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. घरी तेल सोडताना पडदा कोण बघतं?

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. "आमच्या वेळी नाही बुरसायचे कान," म्हणाल्या. परवा बघते तर धाकट्याला मांडीवर आडवा घेतलेला, शेजारी कोमट वाटी. वाटी उचलली. तेल वाया नाही घालवलं, त्यांच्याच टाळूवर जिरवलं.