हिंगण्याच्या कारखान्यात लाइव्ह प्रोजेक्ट: साठा, उधारी आणि अहवाल

एमबीएच्या दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा आटोपत आली की नागपुरात समर इंटर्नशिपच्या पत्रासाठी धावपळ सुरू होते. बहुतेकांना सर्टिफिकेटवर मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रातल्या) मोठ्या कंपनीचं नाव हवं असतं. मी हिंगणा एमआयडीसीतला फॅब्रिकेशनचा, म्हणजे स्टील कापून-जोडून वस्तू बनवणारा, छोटा कारखाना निवडला, तो मुद्दाम. मोठ्या ठिकाणी इंटर्नच्या हाती बऱ्याचदा ग्राहक-समाधानाची प्रश्नावली येते आणि सहा-आठ आठवडे तीच भरून घेण्यात जातात. छोट्या कारखान्यात मालक समोर बसतो, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून देतो आणि त्याच दुपारी गोडाऊनमध्येही पाठवतो. ऑपरेशन्स किंवा फायनान्स घेतलेल्याला यापेक्षा चांगली शाळा नाही.

अशा कारखान्यात एचआर खातं नसतं, त्यामुळे मेलला उत्तर येण्याची वाट पाहू नये. सिव्हिल लाइन्समधली विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन आणि बुटीबोरीची मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही तीन दारं आहेतच. पण सगळ्यात लवकर उघडतं ते सीएच्या ऑफिसचं दार. कोणाचा साठा पुस्तकाशी जुळत नाही आणि कोणाची उधारी अडकली आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. महिन्याच्या १० ते २० तारखेदरम्यान मात्र तिकडे फिरकू नका. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) मुदत ११ तारखेला आणि ३बी ची (कराचा भरणा) २० तारखेला असते, तेव्हा अकाउंटंटला मान वर करायला वेळ नसतो. जाण्या-येण्याचंही आधी पाहा. हिंगण्यासाठी मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत जाता येतं, बुटीबोरीला मात्र मेट्रो खापरीलाच संपते आणि पुढे स्वतःची गाडी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमधलं मोजमाप सकाळी अकराच्या आत उरकेल अशीच आखणी करावी.

मालकाकडे ‘प्रोजेक्ट द्या’ म्हणून गेलं की ‘बघू’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी एका पानावर एकच प्रश्न न्यावा. माझा प्रश्न होता: कच्च्या मालाचा पुस्तकी साठा आणि जमिनीवरचा साठा यांत फरक का पडतो? त्याच पानावर कोणती माहिती लागेल, ती कोण देईल, अहवालात ग्राहकांची नावं ‘पार्टी अ’, ‘पार्टी ब’ अशी येतील आणि कोणत्या गोष्टींना हात लावणार नाही, हे लिहिलं. पगारपत्रक आणि मालकाचे वैयक्तिक व्यवहार बाहेर ठेवले की संशय बराच कमी होतो. याच पानावर कॉलेजच्या गाइडचीही सही घ्यावी. नाहीतर शेवटच्या आठवड्यात ‘गृहीतक कुठे आहे, शंभर जणांचा नमुना कुठे आहे’ हे सुरू होतं. साठ्याच्या हिशेबाला काय-स्क्वेअरसारखी संख्याशास्त्रीय चाचणी लावून काहीही निघत नाही, आणि हे गाइडला सुरुवातीला पटवणं सोपं जातं.

मोजणीचं खरं काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. शिफ्ट सुटल्यावर शेवटच्या आवक नोंदीचा, शेवटच्या चलानचा आणि शेवटच्या बिलाचा नंबर लिहून स्टोअरकीपरची सही घ्यायची. यालाच कट-ऑफ म्हणतात. तो नसेल तर सकाळी आलेला ट्रक पुस्तकात धरला आहे की नाही, यावर दुपारभर वाद होतो. मोजायला जोडी लागते, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. लिहिणाऱ्याच्या कागदावर पुस्तकातला आकडा असता कामा नये, कारण तो दिसला की मोजणाऱ्याचा हात आपोआप त्याच आकड्यावर येऊन थांबतो. मोजून झालेल्या ढिगावर खडूची खूण करायची, आणि महाग माल दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्यायचा. ‘भाऊ, हे काय मोजून राहिले?’ असं फोरमन विचारणारच. चोरी पकडायला आलेलो नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी नीट सांगावं. नाहीतर अर्धा माल कुठे ठेवलाय ते शेवटपर्यंत कळत नाही.

फॅब्रिकेशनमध्ये फरकाचं पहिलं कारण जवळजवळ नेहमी एककात सापडतं. माल किलोवर विकत येतो, शॉपफ्लोअरवर नगावर दिला जातो आणि टॅलीत कधी किलो, कधी नग पडतो. प्रत्येक बार काट्यावर चढवायची गरज नाही. माइल्ड स्टीलच्या गोल बारचं मीटरमागे वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. २५ मिमीचा बार मीटरला ३.८६ किलो भरतो, सहा मीटरचा तुकडा साधारण २३.१ किलो. प्लेटचं वजन काढायला चौरस मीटर गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये गुणिले ७.८५, म्हणजे ८ मिमीची प्लेट चौरस मीटरला ६२.८ किलो. आवक बिलावरचं वजन याच्याशी ताडून पाहावं. थोडा फरक रोलिंगच्या सवलतीत, म्हणजे माल बनताना जाडीत चालणाऱ्या कमी-जास्तीत, बसतो, पण तो दर वेळी एकाच बाजूला पडत असेल तर वे-ब्रिजच्या (ट्रकच्या वजनकाट्याच्या) पावत्या काढून पाहाव्या.

दुसरं कारण कटिंगनंतर उरलेले तुकडे. पुस्तकात पूर्ण प्लेट खर्ची पडलेली असते, आणि भिंतीला टेकवलेला तिचा एक तृतीयांश भाग पुढच्या ऑर्डरला वापरला जातो. म्हणजे पुस्तकात माल कमी आणि जमिनीवर जास्त. भंगारात उलट होतं: भंगारवाला माल उचलून नेतो, पैसे येतात, पण वजनाची नोंद साठ्यातून वजा होत नाही. दोन्ही चुका एकाच महिन्यात झाल्या की एकूण फरक जवळजवळ शून्य दिसतो आणि सगळे खूश होतात. म्हणून फरक एकूण रकमेत न बघता आयटमवार काढायचा.

गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा मुलामा) किंवा मशीनिंगसाठी बाहेर गेलेला जॉबवर्कचा माल अंगणात नसला तरी तो आपलाच असतो. चलानवरून त्याची वेगळी यादी करावी. जीएसटीत कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते, नाहीतर माल पाठवल्या दिवशीच विक्री झाली असं धरून कर लागतो. ही यादी मालकाच्या पुढ्यात ठेवली की प्रोजेक्टकडे बघण्याची त्याची नजरच बदलते. उलट ग्राहकाने स्वतःचा दिलेला माल आपल्या अंगणात असतो. तो मोजायचा, पण किमतीत धरायचा नाही.

एबीसी विश्लेषण, म्हणजे मालाची रकमेनुसार ए, बी, सी अशी वर्गवारी, वर्गात सगळे करतात. इथे वार्षिक वापर गुणिले दर अशी उतरती यादी करायची आणि साधारण पहिल्या ७० ते ८० टक्के रकमेचा माल ‘ए’ मध्ये घालायचा. पण वेल्डिंग रॉडसारखा स्वस्त माल ‘सी’ मध्ये गेला म्हणून सोडून देऊ नका, तो संपला की काम थांबतं. पुनर्खरेदीची पातळी म्हणजे रोजचा वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. रोज ४० नग लागत असतील, माल १२ दिवसांनी येत असेल आणि राखीव १६० ठेवला, तर ६४० ला ऑर्डर जायला हवी. एका वेळी किती माल मागवणं परवडतं हे सांगणारं ईओक्यूचं सूत्र मी अहवालात घातलं, गाइडच्या समाधानासाठी. स्टीलचा भाव हलता असतो आणि अर्धा ट्रक मागवला तरी भाडं जवळपास पूर्ण ट्रकचंच बसतं, त्यामुळे त्या आकड्यावर प्रत्यक्षात कोणी ऑर्डर देत नाही.

उधारीसाठी टॅलीतला बिलवार येणं बाकीचा रिपोर्ट काढायचा. काढण्याआधी ‘ऑन अकाउंट’ जमा पाहायच्या. पार्टीने पैसे दिलेले असतात पण ते बिलाशी जोडलेले नसतात, त्यामुळे जुनी बिलं थकलेली दिसतात आणि तीच यादी हातात घेऊन फोन केला तर मालकाचीच शोभा होते. त्या जोडल्यानंतर ०-१५, १६-४५, ४६-९० आणि त्यापुढचे असे गट करायचे. १५ आणि ४५ हे आकडे कायद्यातले आहेत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार नसेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही दुरुस्ती झाली. मुदत उलटून पैसे दिले तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा करता येतो. म्हणून बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (आपण सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद) छापणं ही फुकटातली आणि सगळ्यात कामाची शिफारस ठरते. थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करा असं मात्र मी अहवालात लिहिलं नाही. निम्मी ऑर्डर ज्या पार्टीकडून येते तिच्याविरुद्ध कोणताही छोटा कारखानदार तक्रार करत नाही, आणि हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे.

मालकासमोर बोलताना टक्के नकोत, रुपये हवेत. वर्षाची विक्री ३ कोटी ६५ लाख असेल तर दिवसाला एक लाख. वसुली दहा दिवस आधी आली तर दहा लाख मोकळे होतात, आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर ११ टक्के व्याज असेल तर वर्षाला १ लाख १० हजार वाचतात. एवढं एक पान पुरतं, कॉलेजचा जाडजूड अहवाल तो उघडणार नाही.

सर्टिफिकेट लेटरहेडवर, सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह, सही-शिक्क्यानिशी घ्यावं. त्यावरचं प्रोजेक्टचं नाव अहवालाच्या मुखपृष्ठाशी अक्षरशः जुळायला हवं, कारण व्हायव्हात परीक्षक तेवढं तरी बघतातच. एक्सेलची फाईल स्टोअरकीपरला देताना सूत्रांचे कॉलम लॉक करून द्या, भरायचे कॉलम आवक, जावक आणि भंगार एवढे तीनच ठेवा, आणि पासवर्ड अकाउंटंटकडे लिहून द्या.