काकांचा कंडेन्सर
मे महिन्यात आमच्या सिंहगड रोडवरच्या गॅरेजात एसीवाल्या गाड्यांची रांग लागते आणि बहुतेक जण उतरायच्या आधीच फर्मावतात, "गॅस भरून द्या." अहो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. हे सांगून सांगून घसा बसला.

त्या दिवशी सदाशिव पेठेतले एक काका काचा खाली करून आले. गाडी ओळखली आणि पोटात गोळा आला. आठ महिन्यांपूर्वी तिचा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, मीच बदलला होता. आता एसी लावला की बेल्ट किंचाळायचा. कॉम्प्रेसर पुन्हा जाम.

पाइप सोडवून आत बोट फिरवलं, पांढऱ्या फडक्याला पुसलं. तेल काळंकुट्ट, आणि उन्हात धरलं तर त्यात बारीक चांदीसारखी चमक. धातूचा कीस.

कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच सगळीकडे फिरतं. कॉम्प्रेसर आतून खरवडला गेला की कीस आधी पुढच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे तापलेला गॅस थंड करणाऱ्या जाळीत, जातो. जुन्या कंडेन्सरची जाड नळी फ्लशिंगने धुता यायची. हल्लीच्यात चपट्या पट्ट्या, त्यांत जेमतेम मिलिमीटरभर भोकं. फ्लशिंगचं औषध मोकळ्या भोकांतून निघून जातं, तुंबलेली तशीच राहतात. मग प्रेशर चढतं, तेल परत येत नाही, नवा कॉम्प्रेसर कोरडा चालतो.

हे मला तेव्हाही माहीत होतं. कंडेन्सर, त्यातला ओल शोषणारा ड्रायर आणि गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, तिन्ही बदलू म्हटलं होतं. काका म्हणाले, "एक भाग बिघडला की तुम्ही चार बदलता. धुवून बसवा." मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी जुनाच कंडेन्सर धुवून बसवला. गळती बघायला नायट्रोजन मारला, मग पंपाने आतली हवा ओढून पाऊण तास व्हॅक्यूम लावला. व्हॅक्यूम मोजणारा काटा पाऱ्याच्या 28 इंचांवर थांबला, तर नव्या पोराला वाटलं पंप गेला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाबच कमी. मुंबईसारखा तिशीला काटा इथे कसा टेकेल? काम असं चोख केलं, म्हणून तर जास्त लागतं. व्हॅक्यूमने ओल निघते, ती राहिली तर तेलाशी मिळून आम्ल होतं. कीस मात्र व्हॅक्यूमने निघत नाही.

नाना पेठेत पार्टवाल्याला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न, "कंडेन्सर जुनाच ठेवला होता का?" वॉरंटीचा विषय तिथेच मिटला.

मी कंडेन्सर काढला आणि काकांसमोरच करवतीने कापला. पट्ट्यांच्या तोंडाशी काळा चिखल. ड्रायरमधले ओल शोषणारे मणीही त्याच चिखलात माखलेले. काकांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. आता ओरडतील म्हणून मी तयारच होतो.

"मग तेव्हा तुम्ही माझं ऐकलंतच कशाला?" ते शांतपणे म्हणाले. "मी बँकेत नोकरी केली. मला यातलं काय कळतं?"

जुन्या बिलावर 'कंडेन्सर ग्राहकाच्या सांगण्यावरून बदलला नाही' एवढी ओळही मी लिहिली नव्हती.

या वेळी सगळं नवं घातलं. पार्टचे पैसे पूर्ण घेतले, मजुरी निम्मी लावली. पूर्ण का नाही आणि माफच का नाही, हे पोरानं विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.